छत्तीस-शून्यच्या गावात

गुरुवार

एडिंबरोहून डंडीला जाणारी गाडी सव्वा-दीड तासात दोन मोठ्या खाड्या ओलांडते. पहिली फोर्थ. तिच्यावरचा १८९०चा लाल लोखंडी पूल सगळ्यांनी फोटोत पाहिलेला असतो. दुसरी टे. तिच्या पुलाचे फोटो फारसे कोणी काढत नाही, पण माझी नजर तिथे जास्त खिळली. गाडी पुलावर आली की शेजारी पाण्यातून डोकं काढलेले दगडी बुंधे ओळीने दिसत राहतात. ते आधीच्या पुलाचे. २८ डिसेंबर १८७९च्या रात्री वादळात त्या पुलाचा मधला भाग कोसळला, त्याच वेळी त्यावर गाडी होती, आणि गाडीतलं एकही माणूस वाचलं नाही. आत्ताचा पूल १८८७चा. या किनाऱ्यावरचा वारा काय चीज आहे याची ओळख अशी गावात पाऊल टाकायच्या आधीच झाली.

डंडीत माझी भाची एमएस्सी करते. स्टेशनवर घ्यायला आली ती हसतच. "मामा, लोक स्कॉटलंडला किल्ले बघायला येतात, तळी बघायला येतात. तुम्ही आर्ब्रोथची मॅच बघायला आलाय." मी म्हटलं, आपण शिवाजी पेठेतले. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून ज्याचं पोरपण गेलं त्याला किल्ला दाखवून काय उपयोग? कोल्हापूरच्या तालमींचा फुटबॉल ज्यांनी पाहिलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पेठेचा संघ हरला तर रात्री जेवण जात नाही, मग तो राज्यात कितवा आहे याच्याशी देणंघेणं नसतं. असं वेड दुसरीकडे कुठे दिसतं हे बघायची इच्छा फार दिवस मनात होती.

संध्याकाळी भाचीनं टॅनाडाइस रस्त्यावर नेलं. डंडी युनायटेडचं टॅनाडाइस पार्क आणि डंडी एफसीचं डेन्स पार्क ही दोन्ही मैदानं एकाच रस्त्यावर, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर. डंडी एफसी १९६३ साली युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत पोचला होता, युनायटेड १९८४ साली. एका रस्त्यावरच्या दोन शेजाऱ्यांनी युरोपात इतकी मजल मारलेली. मग प्रश्न असा, की इथून गाडीनं वीस मिनिटांवर राहणारा माणूस यांना सोडून आर्ब्रोथला का धरून बसतो? भाचीला विचारलं. "उद्या तुम्हीच विचारा," म्हणाली.

शुक्रवार

आर्ब्रोथ हे तेवीस-चोवीस हजार वस्तीचं गाव. सगळं तांबड्या दगडाचं: बंदराचा धक्का, घरं, पडका मठ, किनाऱ्याचे कडेसुद्धा. स्टेशनातून बाहेर पडलो आणि पहिल्याच वळणावर वाऱ्यानं टोपी उडवली. ती एका बाईंनी पायानं अडवून परत दिली आणि काहीतरी बोलल्या. त्यातलं मला "विंड" एवढंच कळलं, आणि भाचीलाही त्याहून फार जास्त कळलं नाही.

आधी मठ. १२व्या शतकात स्कॉटलंडचा राजा विल्यम द लायन यानं ११७८ साली तो स्थापला आणि थॉमस बेकेटच्या नावानं अर्पण केला. आज छप्पर नाही, पण दक्षिणेकडच्या उंच भिंतीत एक मोठी गोल खिडकी शाबूत आहे. तिला इथे ‘राउंड ओ’ म्हणतात. जुन्या काळी रात्री तिच्यात दिवा लावायचे आणि कोळ्यांना त्यावरून किनारा कळायचा, असं सांगतात. ६ एप्रिल १३२० या तारखेचं पोप जॉन बाविसावा याला लिहिलेलं स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचं पत्र याच मठाच्या नावानं ओळखलं जातं. त्याहून मला मजा वाटली ती १९५१ची. राज्याभिषेकाचा स्कॉटिश दगड इंग्रजांनी शेकडो वर्षांपूर्वी नेऊन वेस्टमिन्स्टरमध्ये सिंहासनाखाली ठेवला होता. १९५०च्या नाताळात चार विद्यार्थ्यांनी तो तिथून पळवला, सगळी पोलीस यंत्रणा शोधत राहिली, आणि एप्रिलमध्ये तो सापडला तो या पडक्या मठाच्या वेदीच्या जागी, झेंड्यात गुंडाळून ठेवलेला. एवढ्या-एवढ्याशा गावाच्या वाट्याला एवढा इतिहास आलाय, तरी जगात कुठेही आर्ब्रोथ म्हटलं की फुटबॉलवाल्या माणसाला आठवतो तो एक स्कोअर.

त्याकडे येतो. पण आधी जेवण. बंदराशेजारच्या गल्ल्यांत धुराचा वास येतो, त्या वासामागे चालत गेलं की स्मोकी मिळते. हॅडॉक नावाचा मासा डोकं काढून साफ करायचा, मीठ लावायचा, दोन-दोन मासे शेपटीला दोरीनं बांधून जोडी करायची आणि काठीवर टांगून खाली लाकडाचा जाळ, वर ओलं पोतं, अशा दाट गरम धुरात शिजवायचे. पद्धत मूळची तीन मैलांवरच्या ऑखमिदी या कोळ्यांच्या वाडीची. २००४पासून युरोपात या नावाला भौगोलिक संरक्षण मिळालं: आर्ब्रोथच्या आठ किलोमीटरच्या आत बनवलेली असेल तरच ती आर्ब्रोथ स्मोकी. मला कागदात गरम गरम मिळाली. काट्यापासून मांस अलगद सुटतं, बाहेरून तांबूस, आत ओलसर. तिखटाचा पत्ता नाही आणि तरीही मी दोन खाल्ल्या. कोल्हापूरच्या माणसाकडून याहून मोठी पावती नाही.

बंदरावर सिग्नल टॉवर म्हणून पांढरी इमारत आहे, आता संग्रहालय. समोर समुद्रात अकरा मैलांवर बेल रॉक नावाचा खडक आहे, भरतीला पूर्ण बुडणारा. त्यावर रॉबर्ट स्टीव्हनसन यांच्या देखरेखीखाली दीपगृह बांधलं गेलं, दिवा १ फेब्रुवारी १८११ला लागला आणि अजून लागतो. ओहोटीच्या काही तासांतच काम करता येत असे, पाणी चढलं की सगळ्यांनी बोटीत. तिथे राहणाऱ्या रखवालदारांना किनाऱ्यावरून निरोप द्यायचे ते १८१३च्या या टॉवरवरून. दिव्यांचं गाव आहे म्हटलं तरी चालेल. क्लबचं टोपणनावही त्यातूनच आलं. बंदराच्या तोंडाशी बोटींना वाट दाखवायला लाल दिवा असायचा, म्हणून इथले लोक ‘रेड लिक्टीज’. जर्सी मात्र लाल नाही, मरून.

बंदरापासून किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत गेलं की गेफील्ड पार्क. शेजारी ‘प्लेझरलँड’ नावाचं मुलांच्या खेळांचं, नाण्यांच्या यंत्रांचं आर्केड, पलीकडे समुद्र, मधे मैदान. युरोपात समुद्राच्या सगळ्यात जवळचं सीनियर फुटबॉल मैदान म्हणून हे मिरवलं जातं. मोजपट्टी मी लावली नाही, पण मैदानाची भिंत आणि लाटा यांच्यामध्ये एक रस्ता आणि थोडे दगड एवढंच. हिवाळ्यात मोठं वादळ आलं की पाणी भिंतीवरून आत येतं, आणि खारं पाणी गवताला काय करतं ते कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. फाटक बंद होतं. फटीतून मैदान हिरवंगार दिसलं. ज्यानं ते राखलंय त्याला मनातल्या मनात हात जोडले.

तर तो स्कोअर. क्लब १८७८चा. १२ सप्टेंबर १८८५, शनिवार, स्कॉटिश कपची पहिली फेरी. अ‍ॅबर्डीनहून बॉन अकॉर्ड नावाचा संघ आला. दिवसभर पाऊस. खेळ सुरू झाला आणि गोलांची झड लागली. अर्ध्या वेळेला १५-०. दुसऱ्या अर्ध्यात आणखी २१. एकूण ३६-०. नव्वद मिनिटांत छत्तीस म्हणजे दर अडीच मिनिटाला एक. गोलला त्या काळी जाळी नव्हती, त्यामुळे प्रत्येक वेळी बॉल मागे कुठेतरी जाऊन कोणीतरी आणायचा, त्यात किती वेळ गेला असेल याचा हिशेब कोणी केलेला नाही. वर पंचांनी ऑफसाइड म्हणून काही गोल नाकारले ते वेगळेच. अठरा वर्षांच्या जॉन ‘जॉकी’ पेट्री यानं एकट्यानं १३ मारले. एका सामन्यात तेरा म्हटल्यावर पुन्हा असं कोण करणार? ते व्हायला २००१ साल उजाडावं लागलं. ऑस्ट्रेलियाच्या आर्ची थॉम्पसननं अमेरिकन सामोआविरुद्ध तेरा मारले, ३१-०च्या सामन्यात.

बॉन अकॉर्डच्या गोलरक्षकाची दया येते. अँड्र्यू लॉर्नी त्याचं नाव, आणि तो मुळात गोलरक्षकच नव्हता, हाफबॅक होता. आर्ब्रोथच्या गोलरक्षकाला, जिम मिल्नला, सबंध सामन्यात बॉलला हात लावावा लागला नाही. तो एका प्रेक्षकाच्या छत्रीखाली पाईप ओढत उभा होता, असं इथे आवडीनं सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण गोष्ट इतकी नेमकी जुळून येते की ती खोटी ठरवायची कोणाला इच्छा नसावी.

आणि गंमत पुढेच आहे. त्याच दिवशी, त्याच स्पर्धेत, अठरा मैलांवर डंडीत डंडी हार्पनं अ‍ॅबर्डीन रोव्हर्सला ३५-०नं हरवलं. म्हणजे एका दुपारी अ‍ॅबर्डीनच्या दोन संघांनी मिळून एकाहत्तर गोल खाल्ले. हार्पच्या सामन्यात पंचांच्या वहीत सदतीस गोल होते, हार्पच्याच चिटणीसानं प्रामाणिकपणे पस्तीस सांगितले आणि विक्रम हातचा गेला, अशीही एक कथा डंडीवाले सांगतात. ती ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर अजून दुःख दिसतं.

२००२ साली मादागास्करमध्ये एका संघानं पंचांच्या निषेधार्थ स्वतःच्याच गोलमध्ये बॉल मारत राहून १४९-० केलं, तेव्हा जगाच्या यादीत आर्ब्रोथ दुसऱ्या नंबरवर गेलं. तो आकडा इथे कोणी मोजत नाही. मीही मोजणार नाही. रागानं स्वतःवर मारलेले गोल आणि पावसात पळून मारलेले गोल एका यादीत कसे बसतात?

शनिवार

सकाळपासून वारा वाढत होता. नाश्त्याच्या वेळी घरमालकीणबाई (आम्ही एका घरगुती खोलीत उतरलो होतो) खिडकीतून झाडाकडे बघून म्हणाल्या, "आज गेफील्डला मजा आहे." नोव्हेंबरात इथे चारच्या सुमारास अंधार पडतो, सामना तीनला. म्हणजे दुसरा अर्धा पूर्ण दिव्यांत.

दुपारी एका पबमध्ये गेलो, कारण मैदानात दारू मिळत नाही. १० मे १९८०ला हॅम्पडन पार्कवर सेल्टिक आणि रेंजर्स यांच्यातल्या कप फायनलनंतर दोन्ही बाजूंचे लोक मैदानात उतरून एकमेकांना भिडले, घोडेस्वार पोलीस आणावे लागले. त्यानंतर कायदा आला आणि स्कॉटलंडच्या फुटबॉल मैदानांत प्रेक्षकांसाठी दारूबंदी झाली, ती सामान्य माणसासाठी अजून आहे. ग्लासगोच्या दोन मोठ्या क्लबांच्या भांडणाचा दंड आर्ब्रोथच्या म्हाताऱ्यांनी का भरायचा, असं पबमधले एक काका विचारत होते. प्रश्न बिनतोड होता.

तिकीट काढून आत गेलो. एका बाजूला खुर्च्यांचं छोटं स्टँड, बाकी तिन्हीकडे उभं राहायच्या पायऱ्या, काही भागांवर छप्पर. मैदानात साधारण साडेसहा हजार माणूस मावतं. त्या दिवशी माझ्या अंदाजानं हजार-दीड हजार असावेत. आजोबा, नातू, कुत्र्यासकट आलेलं एक जोडपं, मरून मफलर घातलेल्या शाळकरी मुली. पाहुण्या संघाचे शंभर-दोनशे लोक मोकळेपणी त्यांच्यातच मिसळून. कोल्हापुरात दोन तालमींचे पाठीराखे असे एका कठड्याला टेकून उभे राहिलेले मी कधी पाहिले नाहीत, आणि पुढेही बघेन असं वाटत नाही.

पायच्या खिडकीसमोर रांग होती. स्कॉच पाय म्हणजे मैद्याच्या कडक वाटीत मसालेदार खिमा, वर झाकण. परंपरेनं मटणाचा, पण हल्ली पुष्कळ ठिकाणी गोमांसाचा असतो, तेव्हा आपल्याकडच्यांनी विचारून घ्यावं. मी विचारलं आणि चहा घेतला. भाचीनं बोव्ह्रिल घेतलं नाही, मी तिला घे म्हटलंही नाही. गोमांसाच्या अर्काचं ते गरम पाणी थंडीत हातात धरणारे मात्र चोहीकडे दिसत होते.

मग सामना. निकाल मी लिहीत नाही. ज्याला हवा त्यानं शोधावा. मला जे लिहायचंय ते वाऱ्याबद्दल.

नाणेफेक जिंकणारा इथे आधी समुद्राकडे बघतो. वाऱ्याच्या विरुद्ध खेळणाऱ्या संघाच्या गोलरक्षकानं गोलकिक मारायला बॉल ठेवला तर तो घरंगळला. पुन्हा ठेवला, पुन्हा घरंगळला. तिसऱ्यांदा त्यानं बुटानं गवतात खळगी केली आणि पंच हसून वाट बघत राहिले. मारलेला बॉल मध्यरेषेपर्यंत गेला, तिथे हवेत थबकला, आणि सरळ परत त्याच्याच दिशेला निघाला. आमच्या शेजारचा पोरगा ओरडला, "कीप इट!" आणि सगळे हसले. उंच पास देणं म्हणजे बॉल लिलावात काढण्यासारखं. अशा दिवशी जो संघ बॉल जमिनीवर ठेवून छोटे पास देतो तो जगतो. आर्ब्रोथचे बचावपटू हे इतक्या सहजपणे करत होते की त्यांना वारा लागतच नाही असं वाटावं. पाहुण्यांचा एक विंगर वाऱ्याच्या बाजूनं पळत सुटला, बॉल पुढे ढकलला, आणि बॉल त्याला मागे टाकून जाहिरातीच्या फळीवर आदळला. तो थांबला, हात पसरले आणि आकाशाकडे बघितलं. पंचवीस मिनिटांत त्याचे बाकीचे सोबतीही आकाशाकडे बघायला लागले.

एकदा बॉल छपरावरून पलीकडे गेला. समुद्रात पडला की रस्त्यावर, कळलं नाही. कोणीही मान वळवून पाहिलं नाही. दुसरा बॉल आत आला.

अर्ध्या वेळेला शिट्टी वाजली आणि मला एक दृश्य दिसलं ज्याबद्दल मी फक्त ऐकलं होतं. आपला संघ आता दुसऱ्या टोकाच्या गोलवर हल्ला करणार म्हणून लोक उठून त्या टोकाला निघाले. पाहुणे उलट दिशेनं. मधे पायच्या खिडकीपाशी दोन्ही लोंढे एकमेकांतून गेले, काहींनी एकमेकांच्या खांद्यावर थापा मारल्या, आणि पाच मिनिटांत सगळं मैदान अदलाबदल होऊन उभं. मोठ्या क्लबांत खुर्चीचा नंबर ठरलेला असतो. इथे नंबर नाही, तरी प्रत्येकाची दोन्ही टोकांची आपापली जागा ठरलेली आहे. आम्ही अजाणता एका आजोबांच्या जागेवर उभे होतो. ते आले, काही न बोलता आमच्या अगदी शेजारी चिकटून उभे राहिले, आणि आम्ही समजून दोन पावलं सरकलो. मग ते प्रसन्न झाले.

त्यांना मी परवाचा प्रश्न विचारला: डंडी इतकं जवळ असताना इथे का? भाचीनं दुभाषाचं काम केलं, कारण आजोबांचं इंग्रजी माझ्या इंग्रजीला भेटतच नव्हतं. त्यांना प्रश्नच कळेना. तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारल्यावर ते म्हणाले, "डंडीला मला कोण ओळखतं?" नंतर त्यांनी मला विचारलं, तुमच्याकडे फुटबॉल आहे का. मी शाहू स्टेडियमचं सांगितलं, तालमींचं सांगितलं, फायनलला पंचवीस-तीस हजार लोक जमतात म्हटलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग विचारलं, "समुद्र आहे?" नाही, नदी आहे, पंचगंगा, पावसाळ्यात गावात येते. "मग बरंय," म्हणाले आणि मैदानाकडे वळले.

अंधार पडला, दिवे लागले, पाऊस आडवा यायला लागला. कॉर्नरला बॉल ठेवणारा खेळाडू भिंतीपलीकडच्या लाटेच्या तुषारांनी भिजत होता. शेवटच्या दहा मिनिटांत माझी बोटं मला जाणवत नव्हती, पण निघावं असंही वाटत नव्हतं. भाची, जिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही, एका फाउलवर पंचांना अस्सल कोल्हापुरीत जे बोलली ते इथे लिहिता येणार नाही. आजोबांनी शब्द न कळता मान डोलावली.

रविवार

पाऊस. सकाळी थोडी उघडीप मिळाली तेव्हा कड्यांवरून ऑखमिदीच्या दिशेनं चालत गेलो, अर्ध्यातून परतलो. तांबडे कडे, खाली गुहा, वर शेतं. बाकी दिवस घरमालकीणबाईंच्या स्वयंपाकघरात गेला, आणि तिथे मला २०२२ची गोष्ट संपूर्ण ऐकायला मिळाली. ती वर्तमानपत्रांतून माहीत होती, पण इथे ती घरातल्या लग्नासारखी सांगतात.

स्कॉटलंडच्या व्यावसायिक फुटबॉलच्या चार पायऱ्यांत मिळून ४२ क्लब. वर प्रीमियरशिपमध्ये १२, खाली चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू यांत प्रत्येकी १०. खालच्या तिन्ही लीगमध्ये प्रत्येक संघ प्रत्येकाशी चारदा खेळतो, म्हणजे हंगामात ३६ सामने (होय, छत्तीस. आर्ब्रोथमध्ये हा आकडा पाठच सोडत नाही). २०१६मध्ये क्लब सगळ्यात खालच्या पायरीवर असताना डिक कॅम्पबेल नावाचे मुरलेले प्रशिक्षक आले, डोक्यावर सपाट कापडी टोपी, सहायक म्हणून जुळा भाऊ इयन. २०१७ला लीग टू जिंकली, २०१९ला लीग वन. आणि २०२१-२२च्या हंगामात चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे दुसऱ्या पायरीवर, हा क्लब महिनोन्‌महिने सगळ्यांच्या वर होता.

यात आश्चर्य काय ते नीट सांगायला हवं. आर्ब्रोथ अर्धवेळ क्लब आहे. खेळाडू दिवसा नोकरी करतात, आठवड्यातून दोनेक संध्याकाळी सराव आणि शनिवारी सामना. लोकांचा सगळ्यात लाडका विंगर बॉबी लिन डंडीत कचऱ्याच्या गाडीवर काम करायचा. समोरचे बहुतेक संघ पूर्णवेळ पगारी. पण अर्धवेळ असण्यात एक छुपा फायदाही आहे, आणि मला तो पटला. एक वर्षाच्या बेभरवशाच्या करारासाठी चांगली नोकरी सोडायला जे तयार नसतात असे तिशीतले पक्के खेळाडू अशा क्लबाला मिळतात, आणि टिकतात. पोरसवदा पूर्णवेळ संघापेक्षा ते वाऱ्यात जास्त शहाणपणानं खेळतात.

एप्रिल २०२२मध्ये किलमार्नकच्या मैदानावर निर्णायक सामना झाला. आर्ब्रोथ पुढे होतं. किलमार्नकनं शेवटच्या काही मिनिटांत उलटवून २-१ केलं आणि लीग जिंकली. आर्ब्रोथ दुसरं. मग प्लेऑफ, म्हणजे वर चढायची आणखी एक संधी देणारे सामने. इन्व्हर्नेसशी दोन सामने, दोन्ही ०-०, शेवटी पेनल्टीवर हार. तेवीस हजारांचं गाव सेल्टिक आणि रेंजर्सच्या लीगमध्ये जाता जाता राहिलं. बाईंनी हे सांगताना चहाचा कप दोनदा भरला आणि एकदाही "दुर्दैव" म्हटलं नाही. "किलमार्नकला आम्ही सगळे गेलो होतो," एवढंच पुन्हा पुन्हा. २०२४ला क्लब खाली घसरला, २०२५ला कॉलिन हॅमिल्टन आणि डेव्हिड गोल्ड या क्लबच्याच दोन खेळाडूंनी जोडीनं संघ सांभाळून लीग वन जिंकून परत वर आणला. तो भाग त्यांनी भांडी विसळताना दोन वाक्यांत उरकला. जिंकल्याच्या गोष्टीला इथे फार वेळ देत नाहीत, असं दिसलं.

सोमवार

अँगस परगण्याची लोकसंख्या सव्वा लाखाच्या आत, आणि त्यात असे चार क्लब: आर्ब्रोथ, मॉन्ट्रोज, फॉरफर अ‍ॅथलेटिक, ब्रेकिन सिटी. मॉन्ट्रोज राहिलं. फॉरफरला बसनं गेलो. तिथल्या मैदानाचं नाव स्टेशन पार्क, आणि गावात स्टेशन नाही. प्रवासी गाड्या १९६७लाच बंद झाल्या. १९८२ साली या क्लबनं स्कॉटिश कपच्या उपांत्य सामन्यात रेंजर्सला ०-०वर रोखलं होतं. फॉरफरची ब्रायडी, म्हणजे नालेच्या आकाराची गोमांस भरलेली करंजी, बघितली आणि पुढे निघालो.

ब्रेकिनसाठी मात्र मुद्दाम वाट वाकडी केली. वस्ती सात हजारांच्या आसपास, पण जुनं कॅथीड्रल असल्यामुळे स्वतःला सिटी म्हणवून घेतं, आणि क्लबच्या नावातही सिटी. कॅथीड्रलशेजारी अकराव्या शतकातला दगडी गोल मनोरा आहे, असे मनोरे आयर्लंडबाहेर विरळाच. तो बघितला, बरा वाटला, आणि घाईनं ग्लीब पार्कला गेलो. कारण ग्लीब पार्कला कुंपण आहे.

भिंत नव्हे, झाडांचं जिवंत कुंपण. मैदानाच्या एका लांब बाजूला बीच झाडांची उंच, नीट कापलेली रांग, टचलाइनच्या अगदी जवळ. नोव्हेंबरात बीचची पानं तपकिरी होतात पण गळत नाहीत, त्यामुळे सगळी बाजू तांब्याच्या रंगाची. फाटक उघडं होतं. एक गृहस्थ चाकाच्या ढकलगाडीतून वाळू नेत होते. आत आलो तर चालेल का विचारलं, त्यांनी हातानंच या म्हणून खुणावलं. बॉल कुंपणात अडकतो का? अडकतो. मग? मग काढतात.

ब्रेकिनचं जे झालं ते आर्ब्रोथच्या बरोबर उलट. २०१७ला ते वर चॅम्पियनशिपमध्ये चढले. २०१७-१८च्या हंगामात छत्तीस सामन्यांत एकही जिंकले नाहीत: चार बरोबरी, बत्तीस हार. पुढच्या वर्षी आणखी खाली. २०२१ला लीग टूमध्ये शेवटचे आले आणि प्लेऑफमध्ये केल्टी हार्ट्सशी हरून ४२ क्लबांच्या बाहेरच पडले. पूर्वी खालचं दार बंद होतं, शेवटचा आला तरी क्लब आतच राहायचा. २०१४-१५पासून खालच्या हायलँड आणि लोलँड लीगच्या विजेत्यांना वर यायची वाट उघडली, आणि वाट उघडली की ती दोन्हीकडे जाते. २०२३ला ब्रेकिननं हायलँड लीग जिंकली, तरी पुढच्या प्लेऑफमध्ये स्पार्टन्सशी पेनल्टीवर अडले.

वाळूवाल्या गृहस्थांना मी भीत भीत विचारलं, हायलँड लीगमध्ये गेल्यावर लोक यायचे कमी झाले का? त्यांनी गाडी खाली ठेवली. प्रवास लांबचे झाले, म्हणाले. उत्तरेला विकपर्यंत जावं लागतं, डोंगर ओलांडून, पहाटे निघून. पण घरच्या सामन्याला? "घरच्या सामन्याला घरचेच येतात." मग त्यांनी मला विचारलं, परत कधी येणार. माहीत नाही म्हटलं. शनिवारी मॅच आहे, तीन वाजता, ते म्हणाले, आणि वाळू न्यायला लागले.

जाणाऱ्यांसाठी थोडं. डंडी ते आर्ब्रोथ रेल्वे सोपी, स्टेशनपासून मैदान दहा-पंधरा मिनिटं चालत. फॉरफर आणि ब्रेकिनला बसच, आणि रविवारी बसचा भरवसा धरू नका. हिवाळ्यात वादळ किंवा गोठलेल्या मैदानामुळे सामना ऐन दिवशी रद्द होऊ शकतो, सकाळी क्लबची सूचना बघूनच निघा. तिकीट दारावर मिळतं. छपराखालची जागा बघून ठेवा, पण तिथे आधीपासून कोणी उभं राहत असेल तर दोन पावलं सरकून उभे राहा. आणि कानटोपी अशी घ्या जी हनुवटीखाली बांधता येते.